न जुळलेल्या कडा

वडवणीच्या ज्युनियर कॉलेजात संस्कृती बायोलॉजी शिकवायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस राहिले. अठराव्या आठवड्यात बीडला सोनोग्राफी झाली.

"मॅडम, तुम्हाला वेगळं काय सांगू," डॉ. अलमास हळू आवाजात म्हणाल्या. "डोक्याकडची बाजू मिटलीच नाही."

खरंच वेगळं सांगायला नको होतं. गर्भाचा सगळ्यात बाहेरचा थर, एक्टोडर्म, पाठीवर दुमडतो. कडा जुळून नळी होते, तिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. उरलेल्या थराची कातडी, केस, नखं होतात. इथं वरच्या कडा जुळल्या नव्हत्या, म्हणून कवटीही झाली नव्हती. हे घडलं तेव्हा दिवस गेल्याचा तिला पत्ताही नव्हता.

बाहेर नवरा उभा होता. "काय म्हनल्या?" पप्पूनं विचारलं.

"जगणार नाही," ती म्हणाली. बसची वेळ सांगावी तसं.

घरी सासूबाई, छबुबाई, लई चिडल्या. "गिराण कावून पाळलं न्हाईस?"

"त्या महिन्यात ग्रहण नव्हतं, आई," म्हणून ती जेवायला बसली. अख्खी भाकरी खाल्ली. चव लागली नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यात कळा आणून तिला मोकळं केलं. नर्स केसरबाईंनी विचारलं, "बघता का? लई जनी न्हाई बघत."

"बघते."

मुलगी होती. डोक्यावरून कापड गुंडाळलेलं. हात इवलासा, पण बोटांना नखं फुटली होती. तेवढं काम त्या थरानं नीट केलं होतं. संस्कृतीला रडू येईना. केसरबाई थांबल्या, मग पाणी ठेवून गेल्या.

पुरायला न्यायच्या आधी छबुबाईंनी गाठोडं मांडीवर घेतलं. कोणी नको म्हणायच्या आत कापड सोडलं, डोकं पाहिलं आणि पुन्हा हलकेच बांधलं.

"मी उगंच बोलले तुला," त्या म्हणाल्या. "हे कुनाच्याबी हातातलं न्हाई."

संस्कृतीनं मान हलवली. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग झाला नव्हता. छबुबाई पलंगावर सरकून तिच्याजवळ बसल्या. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि खिडकीबाहेर गाडी वळवणाऱ्या पप्पूकडे बघत राहिली.