चाफ्याला घातलेलं पाणी

सृष्टीनं चैतालीबाईंच्या मनगटाला दात लावले, त्या वेळी कोंडाजी शाळेच्या फाटकाशी तिच्या बाटलीतलं पाणी चाफ्याच्या बुंध्यात ओतत होता. किंकाळी ऐकून त्यानं बाटली पिशवीत कोंबली आणि आत धावला.

सृष्टी त्याची नात. वय नऊ, समज तीन वर्षांच्या लेकराची, आणि बोलणं मुळीच नाही. लोणावळ्याच्या या शाळेत येऊन ती चमचा धरायला शिकली, मोठाले मणी ओवायला शिकली. पण दिवाळीपासून पोरीत काय शिरलं कुणास ठाऊक! हाताशी येईल त्याला चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. कोंडाजीच्या दंडावर तर दातांची नक्षीच उमटली होती. "आपलेच दात, आपलेच ओठ," म्हणत तो ते हसण्यावारी न्यायचा. शाळेला तसं करून चालणार नव्हतं.

"आबा, ही तिसरी वेळ," चैतालीबाई मनगट चोळत म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच त्याला जास्त लागलं. "बाकीचे पालक बोलतात हो. अजून महिनाभर बघू. नाहीच जमलं तर तिला घरी ठेवावं लागेल."

घरी म्हणजे लोकलनं गाठायच्या परंदवडीच्या दोन खोल्यांत. आईबाप दोघंही कारखान्यात, दाराला कडी लावून आजा-नात आत. चार महिन्यांत पोर चमचाही विसरली असती.

"व्हय बाई," एवढंच तो बोलला.

सृष्टी एव्हाना बाकावर पालथी झाली होती. बाकाची कड पोटात रुतवून ती उजवा पाय मागं झाडत होती, पुन्हा पुन्हा. कोंडाजी बघत राहिला. असं झाडणं त्यानं पूर्वी बघितलं होतं. त्याचा हरण्या बैल एका उन्हाळ्यात पिसाळल्यासारखा झाला होता. जवळ जाईल त्याला शिंग मारी, स्वतःच्याच पोटावर लाथ झाडी. बाजार दाखवा त्याला, असं सगळा गाव म्हणत होता. जनावरांच्या डॉक्टरनं नुसता कुशीवर हात दाबला आणि म्हणाला, पोट गच्च झालंय. औषध पाजलं, आणि दोन दिवसांत हरण्या गाय झाला.

संध्याकाळी त्यानं सुनेकडं विषय काढला.

"सारिका, पोरीचं पोट दाखवू डाक्टरला."

"पोट? आबा, चावती ती. डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून झालं की."

"आपला हरण्या बी असाच..."

"माझी पोरगी काय बैल हाय व्हय?"

विषय तिथंच राहिला. पण शनिवारी सारिकानंच रजा टाकली.

लोणावळ्याच्या डॉक्टर रुपाली वयानं लहान होत्या, हात मात्र सावकाश चालणारा. त्यांनी सृष्टीच्या पोटावर डाव्या बाजूला बोटं दाबली. पोरीनं चावायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"इथं खडे झालेत नुसते. कित्येक आठवड्यांचं साठलंय."

"पण हिला तर जुलाब होतात," सारिका म्हणाली. "रोज चड्डीला डाग असतात."

"ते जुलाब नाहीत. अडकलेल्याच्या कडेनं पातळ झिरपतं. पोट दुखतंय आणि सांगता येत नाही, मग ती चावणार नाही तर काय करणार? पाणी किती पिते?"

"भरपूर. लिटरभराची बाटली भरून देते, रोज रिकामी येती."

कोंडाजीनं टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा उचलली. तोंड बंद ठेवलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. चाफा काही बोलणार नव्हता.

"ती बाटली म्या वततो," तो म्हणाला. "चाफ्याला."

"का?" सारिका त्याच्याकडं वळली.

"दिवाळीच्या टायमाला ठेसनात हिचे कपडे भरले. बायकांच्या संडासात मला जाता येईना, बाप्यांच्यात हिला नेववंना. माणसं नाक धरून बघत व्हती. मंग ठरीवलं, बाटली माझ्यापाशीच ठेवायची, घरी येईस्तवर पाणीच द्यायचं न्हाई. म्हटलं, तान लागली तर मागंल..."

 मागायला तिला येत होतं कुठं? पोरीनं चार महिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, आणि मारणारा हात आजाचा होता.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. पपई, भरपूर पाणी, आणि जेवणानंतर पायाखाली पाट देऊन संडासला बसवायचं. वेळ लागेल, म्हणाल्या. परत जाताना सारिका पोरीचा हात धरून झपाझप पुढं चालली. ती काय बोलेल या धास्तीनं कोंडाजी दोन पावलं मागंच चालला. स्टेशनच्या दाराशी मात्र ती पेरू विकणाऱ्या उम्मेहानीसमोर थांबली.

"मावशी, कपडे भरतील म्हणून आबा माझ्या पोरीला पाणीच देत नव्हते. त्यांनी हाक मारली की तिला संडासाला आत घेऊन जाल का?"

"नेईन की. रोज बघते मी दोघांना," उम्मेहानी म्हणाली आणि कोंडाजीकडं वळली. "आबा, एका शब्दानं बोलायचं होतं. लाजेपायी लेकराला तहानलेलं ठेवलं?"

कोंडाजीनं मान हलवली. सुनेनं बोलायचं होतं ते उम्मेहानी बोलली होती.

सगळं एका दिवसात सुधारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सृष्टी पुन्हा एकदा चावली, पण आजाला. डोकं आपटणं कमी झालं. चाफ्याची पानं तेवढी मलूल पडली, तेव्हा कोंडाजी शाळेच्या नळावरून त्याला वेगळं पाणी आणून घालू लागला.

महिना भरायला चार दिवस होते. शाळा सुटल्यावर दोघं स्टेशनाबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. बाटली अर्धी झाली होती. अचानक सृष्टीनं त्याचं मनगट घट्ट पकडून ओढलं. कोंडाजीनं डोळे मिटले, दातओठ आवळले.

दात लागले नाहीत. तिनं त्याचा हात ओढत नेला आणि आपल्या पोटावर ठेवला. वर त्याच्याकडं बघत राहिली.

कोंडाजी उठून उभा राहिला.

"उम्मेहानी! अगं ये उम्मेहानी! चल बिगी बिगी, पोरीला जायचंय!"

शिवारात हाळी घालावी तसा तो ओरडला. येणारीजाणारी माणसं थांबून बघायला लागली. बघंनात का.