डावे इकडे, उजवे पलीकडे

आमच्या कारखान्यात फक्त डावे बूट शिवतात. उजवे नदीपलीकडे, शेजारच्या देशात. नवीन माणूस ऐकून हसतो, पण यात हसण्यासारखं काही नाही. सीमेवर जकात लागते ती जोडीवर, आणि एकट्या बुटाला जोडी कोण म्हणणार? म्हणून मालकाने दोन्हीकडे एकेक कारखाना टाकला. आमचे निम्मे डावे तिकडे जातात, त्यांचे निम्मे उजवे इकडे येतात, आणि ज्याने त्याने आपल्याकडे जोड्या लावायच्या. मालकाचं डोकं, दुसरं काय.

मी तळ शिवते. डावखुरी आहे, त्यामुळे बाकीच्यांचे टाके टाचेकडे झुकतात आणि माझे चवड्याकडे. गिऱ्हाइकाला कळत नाही, पण शिवणाऱ्याला लांबून कळतं. माझा मुलगा माझ्या शेजारी बसून शिकला. पोरगं उजव्या हाताचं, पण कातड्याला भोकं पाडायची आरी धरतं माझ्यासारखी डाव्या हातात. जित्याची खोड म्हणतात, ही तर आईने लावलेली.

गेल्या वर्षी तो पलीकडच्या कारखान्यात गेला. शिवायला नाही, ऑफिसात. खुर्ची, टेबल, हाताखाली दोन माणसं. मी त्याचं नाव साहेब ठेवलं आणि गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगितलं. जाताना त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बारीक काम सोडा, नाहीतर असलेली नजरही जाईल. मी फोनवर सांगून टाकलं, सोडलं बाबा. सोडलं कुठलं? हात चालतोय तोवर कुणापुढे हात पसरायचा नाही, पोटच्या पोरापुढेसुद्धा नाही. माझा स्वभावच तसा आहे, त्याला मी काय करू.

तर एका दुपारी जोड्या लावणाऱ्या बाईने मला हाक मारली.

"मावशी, तुम्ही उजवे कधीपासून शिवायला लागलात?"

तिच्या हातात पलीकडून आलेला बूट होता. मी तळ उलटा केला. टाके चवड्याकडे झुकलेले. माझेच म्हणावे असे, फक्त माझ्यापेक्षा घट्ट.

"असेल तिकडे कुणी डावखुरं," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली, पण बघत राहिली माझ्याकडे. मला असा राग आला तिचा.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्या पोत्यांजवळ बसायला लागले. एका हातात घास, दुसऱ्या हातात उजवा बूट. कधी तसे टाके भरपूर सापडायचे, कधी एकही नाही. पोती आणणाऱ्या ट्रकवाल्यालाही विचारलं, तिकडे ऑफिसात कोण कोण बसतं रे? तो म्हणाला, "मावशी, मी दारात पोती टाकतो. आत खुर्चीवर कोण आणि बाकावर कोण, मला काय ठाऊक."

मला तर तेवढंच हवं होतं. खुर्चीवर की बाकावर? बाकावरच बसून पाठ मोडायची होती, तर मी त्याला नदीपलीकडे कशाला धाडलं? झोपताना तेच आणि उठताना तेच.

रविवारी त्याचा फोन आला.

"काय साहेब, खुर्ची कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि उजवा अंगठा? आरी टोचते का फार?"

तो हळूच म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"महिना झाला. आईशी खोटं बोलतोस?"

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आई, डावे इकडे येतात ना."

माझ्या ओळीचा सगळा माल पलीकडेच जातो, रोज माझ्या डोळ्यांदेखत ती पोती भरून ट्रक जायचा. मी त्याचे बूट हुडकत बसले आणि माझे कुठे जातात हे मला मेलीला सुचलंच नाही.

मी भांडायच्या तयारीत होते. तो मात्र शांतपणे सांगत होता. "तुझे टाके चुकतात हल्ली. टाचेपाशी भोकं रिकामी राहतात. असे बूट परत आले असते, तर सगळ्यांसमोर तुला बाकावरून उठवलं असतं. तू काम सोडणार नाहीस, हे मला माहीत होतं. म्हणून मी सकाळी लवकर येतो, जोड्या लागायच्या आत तुझे बूट वेगळे काढतो आणि नीट करून ठेवतो."

"ऑफिसातला माणूस बुटांना हात कसा लावतो?"

"नाहीच लावू देत. म्हणून तर खुर्ची सोडली आणि बाक मागून घेतला."

मला त्याचा राग आला, आणि स्वतःची लाज त्याहून जास्त वाटली. ज्या बाकावरून त्याला उठवायला मी जन्म घालवला, त्यावर त्याला मीच परत बसवलं होतं. मी रडले. फोनवर रडायची मला सवय नाही, त्यामुळे तो घाबरला. एकसारखा म्हणत होता, अगं, काही बिघडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मुकादमाला सांगितलं, आजपासून माझ्या जागेवर दुसरं कुणीतरी बसव. त्याने कारण विचारलं. म्हटलं, नजर गेली.

मग मुलाला फोन केला. माझे बूट भरलेली दोन पोती कालच ट्रकवर चढली होती, आज त्याच्याकडे पोचतील. तेवढी नीट शिव, म्हटलं, आणि मग जाऊन खुर्ची परत माग.