बांबूचे पाणी

रोपवालीविरुद्धची तक्रार मी साडेतीन पानांत लिहिली होती आणि तिच्यात एकही शब्द सैल नव्हता. पस्तीस वर्षे मी जुन्या पोथ्यांचे पाठ तपासले. एखादी चूक सतरा नकलांत पसरलेली असली, तरी ती प्रथम कोणत्या लेखनिकाच्या हातून झाली हे मागे मागे जात शोधून काढणे हा माझा व्यवसाय. त्या कामात मी कोणाची गय केली नाही, मेलेल्यांची तर नाहीच. म्हणून माझी अकरा वर्षांची भाची डेंग्यूने रुग्णालयात पडली आणि तिच्या प्लेटलेट रोज कालच्यापेक्षा कमी भरू लागल्या, तेव्हा मी रडले नाही. उगम शोधला.

उगम इमारतीच्या फाटकापाशीच बसत होता. जिन्याखालच्या कोनाड्यात ती बाई नऊ वर्षे रोपे विकत होती. विशेषतः लकी बांबू. लाल फितीने बांधलेल्या तीन-तीन, पाच-पाच कांड्या, काचेच्या बरण्यांत, पाण्यात उभ्या. शिवाय पाण्याने भरलेल्या चार बादल्या, ज्या दिवसभर तशाच असत. त्यांविषयी मी तिला एकदा विचारले होते.

"नळाच्या पाण्यात औषध असतं ना, ते उडायला एक दिवस लागतो," ती म्हणाली होती. "ताजं पाणी दिलं की पानांची टोकं करपतात."

हे उत्तर मी तक्रारीत अवतरणचिन्हांत दिले, कबुलीजबाब म्हणून. तळटिपेत नोंदवले की ही वनस्पती मुळात बांबू नव्हेच आणि तिच्यामुळे भाग्य उजळते याला काडीचाही आधार नाही. बादल्यांवर फडकी ताणून बांधलेली असत, हे मात्र लिहिले नाही. असा सोयीचा मजकूर गाळणाऱ्या लेखनिकांना मी आयुष्यभर काय म्हणत आले, ते इथे सांगत नाही.

इमारतीच्या समितीने माझे पत्र वाचून माना डोलावल्या. ठराव झाला की तक्रारदाराचे घर स्वच्छ निघाले, म्हणजे डास तिथले नाहीत असे पालिकेच्या निरीक्षकांनी लिहून दिले, की त्याच दिवशी कोनाडा रिकामा करायचा. बावीस सह्या. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी रोपवाली दाराशी आली. आत ये म्हटले तरी आली नाही.

"बाई, माझ्या बरणीत एक अळी निघाली तर मी स्वतः उचलून जाईन. पण बघायच्या आधीच नका हो काढू. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक इथलं. इथून उठले तर बसू कुठे?"

"ते निरीक्षक ठरवतील," मी म्हणाले आणि दार लावले.

निरीक्षक म्हणून जी आली ती एक सडपातळ बाई होती. गळ्यात बॅटरी, हातात पाणी उपसून पाहायचा पांढरा डाव. तिच्याबरोबरचे दोन कामगार हातगाडी घेऊन खालीच थांबले.

"फाटकापासून सुरुवात करा," मी सुचवले.

"नाही मॅडम. तक्रारदाराच्या घरापासून. पद्धतच आहे आमची."

"ही पद्धत कोणी ठरवली?"

"अनुभवानं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात शिरली.

घरात मी एकटीच होते. भाऊ आणि वहिनी रुग्णालयात. अकरा वाजता रक्ताचा अहवाल यायचा होता. अकराला दहा मिनिटे होती. काल अठ्ठावीस हजार. डॉक्टर म्हणाले होते, याच्याही खाली गेल्या तर प्लेटलेट चढवायला रात्रीपर्यंत थांबायचे नाही. मी अभ्यासिकेत जाऊन खिडकीशी उभी राहिले. खाली रोपवाली एकेक बरणी कोनाड्यातून बाहेर आणत होती आणि उन्हाच्या दिशेने धरून कामगारांना तळ दाखवत होती. ते तिच्याकडे बघत नव्हते. एकाने गाडीवर गोणपाट अंथरले.

मागे न्हाणीघरात बादली सरकल्याचा आवाज झाला. मी टेबलापाशी येऊन बसले आणि समोर ठेवलेल्या निळ्या काचेच्या फुलदाणीकडे माझे लक्ष गेले.

ती भाचीने दिलेली. तीन महिन्यांपूर्वी, माझ्या वाढदिवसाला, खाऊचे पैसे साठवून, त्याच कोनाड्यातून. "तीन कांड्या म्हणजे सुख, दीर्घायुष्य आणि... तिसरं विसरले," ती म्हणाली होती, "पण तेही चांगलंच आहे." दर रविवारी ती पाणी बदलायची, पांढरे गोटे चाळणीत धुवायची, मुळे जेमतेम बुडतील एवढेच पाणी भरायची. पाच आठवड्यांपूर्वी तिच्या हातून थेंब सांडले आणि माझ्या चार टिपणांवरची शाई पसरली. मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. एवढेच म्हणाले, "यापुढे माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. तू नाही, तुझ्या आईनंही नाही."

त्यानंतर रोपाची निगा माझ्याकडे आली. निगा म्हणजे, पाणी खाली गेलेले दिसले की पिण्याच्या पेल्यात उरलेले मी त्यात ओतायची. एक कांडी पिवळी पडली तेव्हा मी ते वार्धक्य समजले. भाची मात्र दुपारी अभ्यासिकेत यायची थांबली नाही. टेबलाखाली गुडघे वर घेऊन वाचत बसायची आणि घोटे खाजवायची. "खाजवू नकोस, टेबल हलतं," असे मी तिला म्हटल्याचे आठवते. दोनदा तरी.

फुलदाणीतले पाणी हलले. एक काळा स्वल्पविराम वर आला, पृष्ठभागाला उलटा लटकला आणि मुरडत खाली गेला. मग दुसरा. पुरावा मोजण्याची मला सवय आहे, एकोणीसवर थांबले.

सहा पावलांवर हात धुण्याचे बेसिन होते. नळ सोडला असता तर निरीक्षकबाईला वाटले असते, मी हात धुते आहे. युक्तिवाद आपोआप तयार झाला, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादांसारखाच तो निर्दोष होता: डास बरणीतही होऊ शकतात, एका फुलदाणीने काही सिद्ध होत नाही, आजारी मुलीच्या घराला आणखी मनस्ताप कशाला. मी फुलदाणी उचलली. दोन पावले गेले. खालून काच गाडीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ रोपवालीचा: "अहो, अजून वरचं बघून झालं नाही! थांबा की जरा!"

तेवढ्यात फोन वाजला. एका हातात फुलदाणी धरून दुसऱ्याने मी तो घेतला.

"वन्सं," वहिनी म्हणाली आणि गप्प झाली. त्या गप्पपणात मी काय काय कबूल करून टाकले, ते मला नंतरही नीट आठवेना. "वन्सं, एकोणचाळीस. वाढल्या हो! डॉक्टर म्हणाले, आता वाढतच जातील. मी मेली बोलायचंच विसरले बघा. घ्या, हिला बोलायचंय, सुई लावलेल्या हातानं फोन ओढतेय. अगं, थांब!"

"आत्या," भाचीचा आवाज कागदासारखा पातळ झाला होता. "बांबूचं पाणी बदललंस?"

मी हातातल्या फुलदाणीकडे पाहिले.

"सांग ना. पाच रविवार झाले. तू नसताना मी आत येऊन बदलणार होते. पण तू म्हणालीस ना, हात लावायचा नाही. मग नाही लावला." थोडी धाप. "रोपवाल्या मावशींना विचार, त्या दाखवतील. तुला नाही येणार."

"हो," मी म्हणाले. "मला नाही येत."

फोन ठेवून वळले तर निरीक्षकबाई दारात उभी. "एवढीच खोली राहिली," ती म्हणाली. "बाकी घर चकाचक आहे तुमचं."

मी अजून टेबल आणि नळ यांच्या मध्येच होते. फुलदाणी तिच्यापुढे धरली. "इथे आहेत."

तिने बॅटरी लावली. काही वेळ निळ्या काचेतून उजेड हलत राहिला. "अळ्या. आणि हे कोष. एक-दोन दिवसांत उडाले असते. पाणी कधी बदललंत?"

"पाच आठवडे झाले."

"टेबल कोणाचं?"

"माझं. पूर्ण नाव लिहा."

तिने लिहिले. "डासानं ताप कुणाकडून आणला, ते कुणीच सांगू शकत नाही, मॅडम. पण पैदास इथली." मग खिडकीतून वाकून ओरडली, "ए, बरण्या उतरवा! वर सापडलं!"

रोपवालीच्या बरण्या आणि बादल्या तिने तरीही तपासल्या, एकेक करून. त्यांत काही नव्हते. तसे अहवालात लिहून तिने सही केली. फुलदाणीतले पाणी तिच्यासमोर मी फाटकाबाहेरच्या कोरड्या, तापलेल्या फरशीवर ओतले. स्वल्पविराम थोडा वेळ वळवळले आणि थांबले. जिन्यावर सह्यांची मंडळी जमली होती. नेहमी माझ्याशी अदबीने बोलणारे समितीचे अध्यक्ष भिंतीवरचा मीटर वाचत होते.

मी रोपासकट बिनपाण्याची फुलदाणी रोपवालीपुढे केली. तिने आधी रोप हातात घेतले, फीत सैल केली आणि तिच्याआड दुमडलेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. पाच शब्द: दर आठवड्याला पाणी बदला. धुवा.

"एवढी पुस्तकं वाचलीत, बाई. ही तेवढी राहिली होय?"

पिवळी कांडी तिने उपसून बाजूला टाकली. "ही गेली. ठेवली असती तर बाकीच्या दोघींना नासवलं असतं." मग तिने फुलदाणीत बोट घालून पाण्याची रेघ होती तिथून फिरवले आणि मला दाखवले. बोटावर काळे, बारीक कण होते, दळलेल्या मिऱ्यासारखे.

"ही अंडी. पाणी ओतून दिलं तरी काचेला चिकटून राहतात. वाळली तरी मरत नाहीत, महिनोन्‌महिने. पुन्हा पाणी घातलं की झाली सुरू."

सहा पावले. नळ. आणि मग, पोरगी घरी यायची म्हणून, मीच हौसेने भरले असते ते ताजे पाणी.

तिने घासणी माझ्याकडे फेकली. दिली नाही, फेकली. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून घासू लागले. माझ्या मागे बावीस सह्या उभ्या होत्या. थोड्या वेळाने मी फुलदाणी तिला दाखवली.

तिने ती उन्हात धरून तीनदा फिरवली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

"अजून," ती म्हणाली. "कडेला राहिलंय."