आयते मार्क

मला ब्याण्णव मार्क पडले आणि आमचे हे टाळ्या वाजवायला लागले, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पन्नाशीची बाई मी, अर्ध्या गावाची डोकी भादरलेली. पहिलीतल्या पोरीसारखं माझं कौतुक कशाला?

अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे खांद्याला आहे, पण ऐकत नाही. केस कापणाऱ्या बाईचा उजवा हात! दुकानाची किल्ली तेव्हापासून धाकट्या जावेकडे. ती वाईट नाही, पण माझी खुर्ची तिने आल्या आल्या कोपऱ्यात सरकवली. महिनाअखेरपर्यंत मला कात्री धरता आली नाही तर दुकान कायमचं तिला द्यायचं, असं घरात ठरलं होतं. मला विचारून नव्हे. मी पलंगावर आणि ठरवाठरवी स्वयंपाकघरात.

म्हणून रोज दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत जायचं. तिथे टेबलावर एक यंत्र होतं. त्याची मूठ धरायची आणि समोरच्या पडद्यावरचा चेंडू नागमोडी रस्त्यावरून न्यायचा. रस्ता सुटला की मार्क कमी. पहिल्या दिवशी मला अकरा पडले आणि मी तिथेच रडले. मग मार्क भराभर चढायला लागले. यंत्रावरची मुलगी म्हणायची, काकू, कमाल आहे तुमची. आणि घरी आल्यावर काय, तर कंगवा हातातून पडायचा तो पडायचाच. बटणं ह्यांनी लावायची, जिन्यात कोपर ह्यांनी धरायचं. पेल्यापर्यंत माझा हात पोचायच्या आत ह्यांचा पोचलेला असायचा.

त्या दिवशी वाटेतच आमचं वाजलं. जावेला दुकानाची पाटी बदलायची होती आणि हे तिला हो म्हणून बसले होते. मी जी फुगले ती फुगलेच. यंत्रापाशी बसले, मूठ धरली, पण तोंड दाराकडे केलं आणि हात मेल्यासारखा सोडून दिला. मला नाही खेळायचं, करा काय करायचं ते. हात आपला मुठीबरोबर इकडून तिकडे फिरत होता. पडद्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

टाळ्या ऐकू आल्या. चौऱ्याण्णव.

क्षणभर मला काही उमगेना. उमगलं तशी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तर काहीच केलं नव्हतं. मग हे मार्क कुणाचे? मुलीला विचारलं. तिने हळूच सांगितलं, की मुठीत मोटर असते. हात चुकायला लागला की ती त्याला ओढून रस्त्यावर आणते. पेशंट सुधारेल तशी ती ओढ कमी करत न्यायची असते. माझी मात्र वाढवत नेली होती.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

तिने माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

"अगं, तू रडलीस त्या दिवशी," हे म्हणाले. "मला बघवेना."

बघवेना म्हणे! माझा हात जन्मभर लुळा राहिला तरी चालेल, पण ह्यांना बघवलं पाहिजे. राग कितीही आला तरी माझ्या तोंडचं अहो काही सुटत नाही, तेव्हा अहो-जाहो करूनच मी त्यांना धू धू धुतलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलंत मला आणि खाली माझं दुकान वाटून टाकलंत, असंही म्हणाले. पलीकडचे आजोबा व्यायाम सोडून ऐकत बसले होते.

मग मुलीला म्हटलं, बंद कर ती मोटर. ती म्हणाली, बंद होते, आणि उलटीही लावता येते. हात जिकडे चुकेल तिकडेच मूठ त्याला आणखी ढकलते, म्हणजे चूक अशी जाणवते की हाताला ती दुरुस्त करावीच लागते. पण फार त्रास होतो, कुणी मागत नाही.

"लाव," मी म्हटलं.

नऊ मार्क पडले. माझे स्वतःचे नऊ. कात्रीचंही असंच असतं. केस दाट की विरळ ते डोळ्यांना मागाहून कळतं, आधी कात्री बोटांना सांगते. इतके दिवस ती मूठ माझ्याशी गोड गोड बोलत होती. आता भांडायला लागली, आणि भांडायला मला येतं. रोज घाम निघायचा, खांदा ठणकायचा, तोंडाने माझा पट्टा चालू असायचा. मार्क रांगत रांगत वर आले. एके सकाळी कंगवा हातातून पडला नाही.

महिना संपत आला तशी मी ह्यांना घरातल्या आरशासमोर खुर्चीत बसवलं. गळ्याभोवती चादर बांधली, दोन्ही हात आत. म्हटलं, हलायचं नाही आणि मदत करायची नाही. कात्री जड वाटत होती, पण केसांचं म्हणणं बोटांना कळत होतं. कानापाशी आले आणि ती सटकली. रक्ताचा थेंब आला. चादरीखाली ह्यांचा हात उठायला लागलेला दिसला.

"हात खाली."

हात खाली गेला. मी उरलेलं डोकं पूर्ण केलं. डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर वर राहिली, ते मलाही दिसत होतं. म्हटलं, आता जा आणि किल्ली घेऊन या. टोपी घालू का, म्हणून विचारलं त्यांनी. नाही म्हटलं.

तसेच गेले. जावेने विचारलं, हे काय करून घेतलंत भावजी? हिने कापले, म्हणाले, आणि किल्लीसाठी हात पुढे केला. हे मला नंतर जावेनेच सांगितलं, तोंड वाकडं करून.

परत आल्यावर ते किल्ली माझ्या हातात ठेवायला लागले. मी म्हटलं, टेबलावर ठेवा. किल्ली बोटांतून निसटली. पुन्हा निसटली. ह्यांना बघवत नव्हतं ते दिसत होतं. तरी हात मागे धरून उभे राहिले, आणि मी ती उचलली.