रबरी तळाचे बूट

वील्डा टीगचं तोंड सुरू झालं की गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नसे. पश्चिम टेक्सासातल्या त्या गावात लोकांच्या पायात बूट चढवण्यातच तिची हयात गेली होती.

"टाच जराशी सुटतेय? सुटू दे की! चामडं वाकायला लागलं की बसेल आपोआप. पायावर वरून आवळत असेल तर मात्र घेऊ नका. आणि जीन्स चांगली चार बोटं लांब घ्या हो. खोगिरावर बसलात की ती वर चढते, मग नडग्या दाखवत फिराल गावभर! अन् ती हॅट उलटी ठेवा, कडेचा आकार जातो अशाने."

यानंतर तिचं एक वाक्य ठरलेलं असे: घोड्यावर बसणार असाल तर तळ गुळगुळीत चामड्याचाच हवा, पडलात तर रिकिबीत अडकवलेला पाय सटकन सुटला पाहिजे. हल्ली ते वाक्य तिच्या घशातच अडकायचं. टेसाला तिने ते सांगितलं नव्हतं.

टेसा म्हणजे गावाबाहेर गुरं पाळणाऱ्या रॉयस हॅगर्टीची मुलगी, चौदा वर्षांची. रोडिओच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या खेळांच्या, आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि या पोरीने नेमके मोरपंखी नळीचे बूट उचलले. खाली जाड, खाचाखाचांचा रबरी तळ. गोठ्याच्या चिखलात फिरायला झकास, पण रिकिबीत असा रुततो की बोलायची सोय नाही. हॅगर्टीची पोर बूट घालून कुठे जाणार, हे वील्डाला काय ठाऊक नव्हतं? प्रश्न अगदी जिभेवर आला होता. पण पोर आरशासमोर गिरक्या घेत होती, मागे रांग वाढत होती, आणि तो जोड कधीपासून फळीवर धूळ खात पडला होता.

"शोभतात गं तुला!" वील्डा म्हणाली आणि खोकं बांधून मोकळी झाली.

पुढच्याच आठवड्यात वासरं वळवताना तिचा घोडा, बिस्किट, बुजला. टेसा पडली, पाय मात्र रिकिबीतच राहिला. घोड्याने तिला पार कुंपणापर्यंत फरफटत नेलं. कंबरेचं हाड मोडलं.

सगळ्या गावाने घोड्याच्या नावाने बोटं मोडली. वील्डा दोनदा त्यांच्याकडे जेवण घेऊन गेली. दोन्ही वेळा रॉयस म्हणाला, "किती करतेस गं आमच्यासाठी!" आणि दोन्ही वेळा ती मान खाली घालून परत आली. गाडीत बसून तिने स्वतःला शिव्या घातल्या, पण तोंड काही उघडलं नाही.

मग शनिवारी सकाळी कळलं, बिस्किट आज मांसाच्या व्यापाऱ्याकडे जाणार. तेव्हा मात्र तिला राहवेना. दुकान तसंच टाकून ती निघाली.

रॉयस घोड्याला ट्रेलरकडे नेत होता. बिस्किट गरिबासारखा मागून चालला होता.

"थांब रॉयस! घोड्याचा दोष नाही रे. बूट मी विकले. रबरी तळाचे. ती घोड्यावर बसणार हे माहीत असून विकले. मला शिव्या दे, गावभर सांग, पण त्याला पाठवू नकोस."

रॉयसने दोर सोडला नाही. "ठाऊक आहे मला."

"काय?"

"रिकिबीतून पाय मीच ओढून काढला ना. आणि त्या दिवशी सकाळी ती घोड्यावर चढली तेव्हाही बघितलं होतं. पाय आत सरकत नव्हता, दाबून घातला तिने. म्हटलं, आता कुठे बूट बदलायला लावू, वासरं पांगतील." त्याचा आवाज फाटला. "मी बाप आहे गं तिचा. तू नुसते विकलेस."

"आणि तरी याला पाठवतोयस?"

"रोज सकाळी हा माझ्याकडे बघतो. मला नाही सोसवत."

वील्डाचं डोकं फिरलं. "वा रे वा! पाप आपण दोघांनी करायचं आणि मान या मुक्या जनावराची जाणार? चल आत. पोरीला सांगू. आत्ताच्या आत्ता!"

त्याने बिस्किटला कुंपणाला बांधलं. दोघं आत गेली. टेसा छताकडे बघत पडली होती. तोंड उघडायचं कुणी, म्हणून दोघं एकमेकांकडे बघू लागली, तेवढ्यात तीच बोलली.

"बाबा, नेलं का त्याला?" तिचे डोळे सुजले होते. "मला माफ करा ना. मलाच नीट बसता आलं नाही. माझ्यामुळे मरणार ना तो?"

रॉयस पलंगाशी बसला आणि म्हणाला, "नाही नेलं गं. चूक त्याची नाही, तुझीही नाही; ते बूट रिकिबीत अडकणार हे आम्हा दोघांना दिसत होतं."