झाकणावरची सही

गोलात अकरा खुर्च्या, माणसं सात, किटलीत नऊ कप चहा. वायरमनने दोनदा मोजलं. दाराजवळची खुर्ची शिंप्याची. ती वायरमनने उचलून ठेवली नाही.

वायरमनला दारू सोडून नऊ वर्षं झाली होती. विजेची कामं सांभाळून तो या व्यसनमुक्ती केंद्रात नव्याने सोडणाऱ्यांचा सोबती होता. प्रत्येकाकडे त्याचा नंबर होता आणि नियम एकच: पहिल्या घोटाआधी फोन करायचा.

परवा दुपारी शिंप्याने तीनदा केला होता. दोन दहा, दोन चौदा, दोन एकतीस. वायरमन तेव्हा शिडीवर चढून कुणाचा तरी पंखा बसवत होता, फोन खाली पिशवीत. पावणेचारला त्याने उलट फोन लावला, तो शिंप्याच्या बायकोने उचलला. नवरा पिऊन जिन्यावरून पडला होता. वाचला नाही.

"काल त्याच्या घरी गेलो होतो," वायरमन म्हणाला. "वहिनींनी शिलाई मशीनच्या खणातून ही काढली. म्हणाल्या, भाऊजी, आधी ही घेऊन जा इथून."

त्याने हत्यारांच्या पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. अर्ध्याहून थोडी कमी.

"अहो, इथे कशाला आणलीत?" ड्रायव्हर खेकसला. "आमची परीक्षा घेताय?"

"कालपासून तुमच्याकडे होती?" केंद्र चालवणाऱ्या नर्सताई म्हणाल्या. "मोरीत ओतायची ना!"

"ओतायला झाकण उघडावं लागतं, ताई."

ड्रायव्हरने मान खाली घातली.

"वहिनींसमोरच पातळीला टेप लावली," वायरमन म्हणाला. "लाल टेपची वरची कड. दारू त्याखाली गेली असेल, तर माझा नंबर सगळ्यांनी खोडून टाका."

"आणि पाणी घालून भरली असेल तर?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

"आलं का डोक्यात! म्हणून झाकणावरही टेप आहे. त्यावर वहिनींची सही, अर्धी टेपवर, अर्धी काचेवर."

"अरे, आमचा विश्वास आहे तुझ्यावर," म्हातारे मास्तर पुटपुटले.

"माझा नाही, मास्तर. बघा ना ताई."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. हातात फोन, रिंगचा आवाज पूर्ण वाढवलेला.

ताईंनी चष्मा लावला. बाटली फिरवून झाकण पाहिलं. बाटली सपाट जागी ठेवून आतलं हलणं थांबेपर्यंत त्या थांबल्या, मग वाकून डोळे पातळीच्या रेषेत आणले.

सही जुळत होती. दारू टेपच्या वरच्या कडेला होती.