दुप्पट वेगाने

आमच्या धाकट्याने विद्यापीठाचं अख्खं शिक्षण घरातल्या पलंगावर बसून पार पाडलं. सगळे तास लॅपटॉपवर, तेही दुप्पट वेगाने. प्राध्यापक चिमण्यांसारखे चिवचिवायचे आणि हा मान डोलवायचा.

"ताई, निम्मं बोलणं फुकटचं असतं. पुढे काय येणार ते आधीच कळतं."

कळतही असावं, कारण गुण भरभरून पडले. नोकरी देणाऱ्यांनी तर त्याच्या झटकन समजण्याचंच कौतुक केलं आणि त्याला परदेशी बोलावलं.

त्याच सुमारास बाबांना अर्धांगाचा झटका आला. जन्मभर बस चालवलेला, हाक मारली की गल्ली दणाणून सोडणारा माणूस. आता एकेक शब्द शोधत बसायचा. बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "वाक्य त्यांचं त्यांना पुरं करू द्या. तुम्ही नुसतं थांबा."

तेवढंच धाकट्याला जमेना. पोर वाईट नाही हो. बाबांची दाढी करायचा, पाय चेपायचा. पण बाबांनी "मला..." म्हटलं की याचा सपाटा सुरू, "पाणी? उशी? पंखा लावू?" शेवटी बाबा कंटाळून कशालातरी मान हलवायचे.

"बघ, ओळखलं की नाही!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी त्याला म्हणाले, "अरे, बाप आहे तो, व्हिडिओ नाही." ओशाळला बिचारा. मग ओठ घट्ट मिटून बसायचा, पण अंगठा आपोआप मांडीवर टकटक करायचा, व्हिडिओ पुढे ढकलल्यासारखा.

निघताना बाबांनी त्याचा हात धरला. "मला..."

"माझी आठवण येईल ना? मलाही येईल. रोज फोन करीन, बाबा."

बाबांनी मान हलवली. खाली गाडी उभी होती.

तो गेल्यावर मी बाबांजवळ बसून राहिले. चहा गार झाला.

"मला... भीती... वाटते," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळाने पुढचं आलं. "तो... येईपर्यंत... मी..." त्यांना रडू फुटलं. मलाही.

पोचल्यावर त्याचा फोन आला. बाबा बोलले तसंच, थांबत थांबत, मी त्याला सांगायला लागले. "बाबा म्हणाले, मला... भीती..."

"कळलं ताई, होतं असं. औषधं वेळेवर दे. आणखी काही?"

"नाही," म्हणून मी फोन ठेवला. बाबा माझ्याकडेच बघत होते.

"सगळं सांगितलं त्याला," मी म्हणाले.